डिस्क पहिल्याच झाडावर आपटते? झाडीतल्या छोट्या कोर्सवरचं दुखणं असं शोधा

ठक्. मग पानांची सळसळ, मग एक उसासा. झाडीतल्या डिस्क गोल्फ कोर्सवर शनिवारी सकाळी गेलात तर हे तीन आवाज याच क्रमाने दर दोन मिनिटांनी कानावर पडतात. शार्लटला, नॉर्थ कॅरोलिनात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर काउंटीच्या बागेत असा एक फुकटचा कोर्स आहे. १८ बास्केट, बहुतेक होल २०० ते २६० फुटांचे, आणि टीपासून (जिथून पहिली डिस्क टाकतात ती जागा) बास्केटपर्यंत पाइन, ओक नि ट्युलिप पॉपलरची उभी गर्दी. सहा वर्षांत मी तो ‘ठक्’ आधी माझा स्वतःचा, मग मेहुण्याचा, मग ऑफिसातल्या दोघांचा आणि आता लेकीचा, असा पाच वेळा दुरुस्त केलाय. कारणं थोडी थोडी वेगळी निघाली, पण शोधायचा क्रम दर वेळी तोच कामी आला. तो इथे लिहून ठेवतो.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यापुरतं सांगतो: हा गोल्फच, फक्त चेंडूच्या जागी चकती आणि खळग्याच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, तेव्हा टोपल्या नव्हत्या. खांब ठोकले होते, खांबाला डिस्क लागली की होल संपलं. म्हणजे ज्या खेळात खांबाला डिस्क लागणं हेच मुळात यश होतं, त्यात आपण आता लाकडाला लागली म्हणून कपाळाला हात लावतोय.

खालचं डावं-उजवं सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून टाकलेल्या थ्रोसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.

आधी लक्षणं

‘झाडाला लागते’ हे लक्षण नव्हे. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं नाही’ एवढंच म्हणण्यासारखं आहे ते. कुठल्या बाजूच्या झाडाला, किती पावलांवर आणि किती उंचीवर, हे माहीत हवं.

पहिल्या पंधरा-वीस पावलांत उजवीकडच्या झाडाला लागत असेल तर डिस्क हातातून उशिरा सुटतेय. तेवढ्याच अंतरात डावीकडच्या झाडाला लागत असेल तर लवकर सुटतेय, किंवा घामाने निसटतेय. झाडांमधल्या गॅपमधून छान गेली आणि पुढे हळू पडून डावीकडे झुडपात शिरली, तर बहुधा तुमचा हात निर्दोष आहे आणि डिस्क चुकीची आहे. वर चढली, फांदीला लागली आणि दगडासारखी खाली आली, तर डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर आहे. फडफडत सुटली आणि उजवीकडे कलंडली, तर एक तर डिस्क म्हातारी झालीय किंवा तुम्ही मनगट पिळताय.

आणि सर्वांत महत्त्वाचं: मोकळ्या मैदानावर सरळ जाते, झाडीत गेलं की बिघडते, असं असेल तर हाताचं तंत्र बदलायला जाऊ नका. मैदानावर जो हात चालतो तो झाडीतही तोच असतो. बिघाड डोळ्यांत किंवा डोक्यात आहे, आणि तो फुकटात दुरुस्त होतो.

म्हणून पहिला राउंड फक्त नोंदीचा. खिशात कागदाचा चिटोरा ठेवा. टीवरून टाकलेल्या प्रत्येक थ्रोपुढे ‘उ’ (उजवी), ‘डा’ (डावी), ‘व’ (वर) किंवा ‘ठीक’ लिहा, आणि शेजारी हातात कोणती डिस्क होती ते. मेहुणा पहिल्यांदा ठामपणे म्हणाला होता, “माझी कुठेही जाते, काही नेम नाही.” १८ होलनंतर कागद पाहिला तर ११ ठोकरा, त्यातल्या ८ उजव्या. नेम होता, आणि चांगला पक्का होता. फक्त चुकीच्या झाडावर.

पहिली तपासणी: पिशवीत काय आहे

याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. ड्रायव्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सगळ्या डिस्क गाडीच्या डिकीत ठेवा आणि पटर (टोपलीजवळची) नि मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) एवढ्याच घेऊन राउंड खेळा.

का, ते डिस्कवरच्या चार आकड्यांत आहे. पहिला आकडा वेग, दुसरा तरंगणं, तिसरा सुरुवातीला उजवीकडे कलणं, चौथा शेवटी डावीकडे वळणं. डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचे आकडे १२, ५, उणे १, ३. बझ या मिडरेंजचे ५, ४, उणे १, १. एव्हिआर पटरचे २, ३, ०, १. यातला पहिला आकडा म्हणजे डिस्क किती वेगाने जाईल याची हमी नाही. ती नीट उडावी म्हणून तुम्ही तिला किती वेग द्यायला हवा, त्याची ती मागणी आहे. १२ची मागणी पुरी झाली नाही तर उरतो फक्त चौथा आकडा, आणि डिस्क लगेच डावीकडे वळून झुडपात. वर ड्रायव्हरची कड दोन सेंटिमीटरच्या पुढे रुंद असते, लहान हाताला ती धड पकडताही येत नाही. २२० फुटांच्या होलला ती वापरणं म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला एसटीचं रिझर्व्हेशन करणं.

नवी डिस्क घ्यायचीच असेल तर एकच घ्या: सरळ जाणारी, फार न वळणारी मिडरेंज. आणि रंग बघून घ्या. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीवर पिवळ्या, केशरी आणि लाल पानांचा थर असतो. माझी एक सुंदर केशरी डिस्क बास्केटपासून तीस फुटांवर पडलेली डोळ्यांनी पाहिली होती, ती आजतागायत सापडलेली नाही. फिकट निळी किंवा झगझगीत गुलाबी घ्या, दिसायला कशीही असो.

डिस्कच्या वयाकडेही बघा. झाडीतल्या कोर्सवर स्वस्त प्लास्टिक लवकर झिजतं. कडेवरून बोट फिरवलं की ओरखडे, टोचणारे कंगोरे लागतात. अशी डिस्क पूर्वीपेक्षा जास्त उजवीकडे कलते. वर्षभर जी सरळ जात होती ती आता उजवीकडे जाऊ लागली, तर स्वतःला दोष देण्याआधी तोच थ्रो दुसऱ्या डिस्कने करून बघा. म्हातारी फेकून देऊ नका, उजवीकडे वळणाऱ्या होलला ती सोनं आहे.

डावीकडे निसटणाऱ्यांनी याच पायरीवर हात पुसायची सोय बघावी. इथला जुलै म्हणजे आपल्याकडच्या मे अखेरीसारखा दमट. दुकानात डिस्क गोल्फचे म्हणून खास टॉवेल मिळतात, पण आईने सोलापूरहून पाठवलेला जुना पंचा त्याहून चांगलं पाणी शोषतो. लेकीच्या ‘डा’ ठोकरींपैकी निम्म्या त्या पंचाने गेल्या.

दुसरी: नजर कुठे आहे

सायकल शिकताना समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत राहिलं की सायकल खांबावरच जायची, आठवतं? इथेही तेच. टीवर उभं राहून “त्या ओकला लागायला नको” असं मनात म्हणालात की नजर ओकवर, खांदा ओककडे आणि डिस्क ओकवर.

झाडांची नावं घेऊच नका. दोन झाडांमधली हवा निवडा, आणि त्या हवेपलीकडची एक बारीक खूण: उजेडाचा कवडसा, एखादं पान, दूरच्या खोडावरचा पांढरा डाग. मी थ्रोच्या आधी ती खूण मोठ्याने सांगायला लावतो. “तिकडे” हे उत्तर चालत नाही. ‘तो वाकडा डहाळा’ चालतं.

आता कोणती गॅप? नवखा माणूस बास्केट शोधतो आणि तिच्या रोखाने जी फट दिसेल ती धरतो. चूक तिथेच होते. पहिल्या साठ फुटांतली सर्वांत रुंद गॅप निवडा, ती बास्केटपासून थोडी बाजूला नेत असली तरी. हिशेब सोपा आहे. १० फूट रुंदीची गॅप ३० फुटांवर असेल तर मध्यापासून दोन्ही बाजूंना जवळजवळ ९ अंश चुकायची मुभा असते. तीच गॅप ६० फुटांवर असेल तर जेमतेम साडेचार अंश. घड्याळात मिनिटाचं एक घर ६ अंशांचं असतं. म्हणजे एका घराएवढीही चूक चालत नाही. दूरची गॅप डोळ्याला मोठी वाटली तरी हाताला ती छोटीच असते.

तिसरी: ओट्यावर कुठे उभे आहात

टी म्हणजे बहुतेक ठिकाणी सिमेंटचा एक लांबट ओटा. ९० टक्के लोक त्याच्या मध्यावरून टाकतात, कारण आधीच्या माणसाने मध्यावरून टाकलेलं असतं. डाव्या कोपऱ्यात जाऊन बघा, मग उजव्या कोपऱ्यात. तीन फूट सरकल्याने जवळचं झाड बाजूला होतं आणि बंद वाटणारी गॅप उघडते. आमच्या सातव्या होलला मध्यातून दोन पाइन एकमेकांना चिकटलेले दिसतात, उजव्या मागच्या कोपऱ्यातून त्यांच्यामधून बैलगाडी जाईल. हे मला चौथ्या वर्षी कळलं. ओट्यावरून समोर चाळीस पावलं चालत जाऊन मागे वळून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेवढं चाला.

चौथी: जोर

माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

हात फिरत असताना डिस्क बरोबर गॅपच्या दिशेला असते तो क्षण अगदी लहान असतो. हात जितका जोरात, तितका तो क्षण आखूड. बोटांची चूक मात्र तेवढीच राहते. हळू टाकताना त्या चुकीने दिशा थोडीच बिघडते आणि डिस्क खोडाला घासून का होईना निघून जाते. जोरात टाकताना ती बरीच जास्त बिघडते. म्हणजे जोर वाढवून तुम्ही अंतर विकत घेत नाही, झाड विकत घेता.

दुसरं असं की हळू टाकलेली डिस्क झाडाला लागली तर ‘टप्’ करून बुंध्याशी पडते. जोरात टाकलेली कॅरमच्या स्ट्रायकरसारखी परतते आणि चाळीस फूट बाजूला काटेरी वेलींत जाऊन बसते. २२० फुटांच्या होलला ६० टक्के जोराने १५० फूट गेलात, मग ७० फुटांचा सावकाश थ्रो, मग जवळून साखळ्यांत: तीन. पूर्ण जोराने टाकून पहिल्या झाडाला लागलात, तर झुडपातून बाहेर यायला एक, पुढे जायला एक, टोपलीत एक. काही न बिघडता चार, आणि काही न बिघडता असं तिथे कधी होत नाही.

६० टक्के म्हणजे किती, ते कसं ओळखायचं? थ्रो झाल्यावर पुढच्या पायावर ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत न डगमगता उभं राहता आलं पाहिजे. तोल गेला, एक पाऊल जास्त पडलं, तोंडातून ‘हुप्’ निघालं, की जोर जास्त झाला. ऑफिसातला एकजण माजी वेगवान गोलंदाज. त्याला हे पटवायला मला सहा शनिवार लागले. शेवटी त्याच्याच लहान मुलीने त्याला तीन होलांनी हरवलं तेव्हा पटलं.

बहुतेकांचं दुखणं इथपर्यंत येता येता बरं होतं. झालं नसेल तरच पुढे वाचा, कारण यापुढच्या तपासण्यांना वेळ द्यावा लागतो.

पाचवी: पाय

धावत येणं बंद. दहा थ्रो जागेवर उभं राहून टाका. ठोकरी निम्म्या झाल्या तर हात निर्दोष, दोष पायांचा आहे.

पुढचा पाय जिकडे पडतो तिकडे कंबर आणि खांदे वळतात, आणि मग डिस्कही तिकडेच जाते. मैदानावर पाय एक वीत इकडे पडला तर कोणाला कळत नाही. झाडीत तेवढ्याने गॅप चुकते. त्यात इथल्या जमिनीवर पाइनच्या वाळलेल्या सुयांचा गालिचा असतो, वर स्वीटगमचे काटेरी गोंडे विखुरलेले. पाय केव्हा घसरेल नेम नाही. एक काटकी गॅपच्या रोखाने जमिनीवर ठेवा आणि प्रत्येक थ्रोनंतर पावलांची रेघ काटकीशी जुळतेय का बघा. आमच्यासारख्या छोट्या कोर्सवर १८च्या १८ होल उभ्याने खेळता येतात. मी अजून दहा-बारा तसेच खेळतो, आणि त्यात मला अजिबात लाज वाटत नाही.

सहावी: नाक

हे ज्यांच्या कागदावर ‘व’ जास्त आहेत त्यांच्यासाठी. डिस्कची पुढची कड मागच्यापेक्षा वर असेल तर ती वारा पोटावर घेते, चढते, थांबते आणि पडते. मैदानावर याने फक्त अंतर घटतं, झाडीत मात्र आठ-दहा फुटांवर फांद्यांचं छप्पर असतं.

स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही. फोन पिशवीला टेकवून बाजूने उभा करा, स्लो मोशनमध्ये पाच थ्रो काढा. डिस्क सुटल्याच्या पहिल्या क्षणी पुढची कड मागच्यापेक्षा वर दिसते का? दिसली तर नाक वर. उपाय मनगटात आहे. कपातला चहा बशीत ओतताना मनगट पुढे-खाली जसं कलतं, तसं ते डिस्क धरताना आधीपासूनच कललेलं ठेवायचं, आणि अंगठा डिस्कच्या वर घट्ट दाबून. मला स्वतःला हे बसायला महिना गेला. अधूनमधून अजून विसरतो, आणि विसरलो की फांदी आठवण करून देते.

सातवी, सर्वांत अवघड: उशिरा सुटणारी डिस्क

वरचं सगळं झालं आणि कागदावर अजून ‘उ’च ‘उ’ आहेत, तर हात शरीराभोवती गोल फिरतोय. डिस्क छातीजवळून सरळ रेषेत येण्याऐवजी पोटाभोवती वळसा घालते, तोवर खांदे उघडलेले असतात आणि बोटं सोडतात तेव्हा दिशा उजवीकडची झालेली असते.

सराव असा: मोकळ्या जागेत पंधरा पावलांवर दोन पाण्याच्या बाटल्या ठेवा, मध्ये एक मीटरभर जागा. डिस्क उजव्या छातीला टेकवून, कोपर पुढे काढून, तिथूनच टाका. मागे अजिबात न्यायची नाही. थ्रो हास्यास्पद दिसतो, डिस्क जेमतेम शंभर फूट जाते. जाऊ दे. २० डिस्क, आठवड्यातून तीनदा. दोन आठवडे खेळ आधीपेक्षा वाईट होईल. तेव्हा घाबरून दुसरी युक्ती शोधायला जाऊ नका. मेहुणा तिसऱ्या आठवड्यात वळणावर आला. ऑफिसातल्या दुसऱ्याला हे जमलंच नाही, त्याने फोरहँड (तळहात पुढे ठेवून बाजूने टाकणं) शिकला आणि तो आता सगळे होल फोरहँडनेच खेळतो. तेही चालतं.

ही पायरी शेवटी ठेवण्याचं कारण एवढंच, की लोक इथूनच सुरुवात करतात. रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी पूर्ण हात बदलतात, आणि हातात मात्र अजून १२ची ड्रायव्हर असते.

ठोकर लागल्यानंतरची ठोकर

खरी आकडेवारी बिघडवणारा थ्रो पहिला नसतोच, दुसरा असतो. झुडपात बसलेल्या डिस्कजवळ गेल्यावर प्रत्येकाला हातभर रुंदीची एक फट दिसते, तिच्यातून थेट बास्केट दिसते, आणि आपण आयुष्यात न टाकलेला थ्रो आत्ता टाकू असं वाटतं. टाकू नका. फेअरवे (टीपासून बास्केटपर्यंतची मोकळी वाट) जिथे सर्वांत जवळ आहे तिकडे, मागे जावं लागलं तरी, पटरने हलकेच बाहेर काढा. फांद्या मोडायच्या नाहीत, हाताने धरून बाजूलाही करायच्या नाहीत, नियमात बसत नाही. आणि जागा फारच वाईट असेल तर एक दंड घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा टाकायची मुभा नियमात आहे. लोक ती वापरत नाहीत, अभिमान आड येतो.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, पातेलं उचलताना किंवा फडकं पिळताना कळ येतेय, तर खेळ बंद. ‘थोडं हळू टाकतो’ नव्हे, बंद. दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही कळ राहिली तर फिजिओथेरपिस्ट. बोटं बधिर होत असतील, किंवा थ्रो करताना खांद्यात काही तुटल्यासारखं झालं असेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. मी एकदा महिनाभर रेटलं आणि त्याची किंमत म्हणून चार महिने घरी बसलो.

डिस्क उंच झाडात अडकली तर चढू नका. तिला पाडायला दुसरी डिस्कही फेकू नका, मग दोन अडकतात. लांब काठीने निघाली तर ठीक, नाहीतर सोडून द्या. डिस्कच्या पोटावर फोन नंबर लिहून ठेवा. वारा येतो, ती पडते, आणि कोणीतरी मेसेज करतं. माझ्या अशा तीन परत आल्यात.

तीन-तीन पानांच्या वेलीपासून लांब राहा. पॉइझन आयव्ही ही आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. तिचं तेल त्वचेला लागलं तर लवकरात लवकर साबणाने धुवा. डिस्कही धुवा, कारण तेल तिलाही लागलेलं असतं आणि पुढच्या शनिवारी तेच पुन्हा हाताला लागतं. चेहरा सुजला, डोळ्यांजवळ पुरळ आलं, किंवा श्वासाला त्रास झाला की घरगुती उपाय पुरे, डॉक्टर.

गोचिडी इथे मार्चपासून शरद ऋतूपर्यंत असतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी आणि केसांच्या कडेला बघा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, काडीने जाळू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. आपण होऊन सांगितलं नाही तर ते विचारतीलच असं नाही.

आणि कॉपरहेड. कोकणातलं फुरसं पाचोळ्यात जसं बेमालूम मिसळतं, तसाच हा साप. झुडपात डिस्ककडे हात घालण्याआधी काठी घाला. चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, साप मारून बरोबर न्यायचाही प्रयत्न नको. थेट ९११ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन. विषबाधेची हेल्पलाइन १-८००-२२२-१२२२ फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

गडगडाट ऐकू आला की गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं. होल कितीही चांगला चालला असला तरी.

राहिला कोच. सातही तपासण्या झाल्या, सहा आठवडे गेले आणि कागद बदलला नाही, तर स्वतःवर आणखी प्रयोग करू नका. एका तासाचे पैसे द्या. शार्लटमध्ये हे सोपं आहे. २०१२ ची जागतिक स्पर्धा इथेच झाली होती, आणि दक्षिणेला अर्ध्या तासावरच्या रॉक हिलमध्ये १९९९ पासून यूएस डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप भरते, त्यामुळे शिकवणारे हात आसपास मिळतात. कोचला ‘माझा थ्रो सुधारा’ म्हणू नका, त्याने तासभर सगळंच सुधारलं जाईल आणि काहीच राहणार नाही. तो ‘उ’, ‘डा’, ‘व’चा चिटोरा पुढे ठेवा, रोज वापरता त्याच दोन डिस्क न्या, आणि धडा मैदानावर नको, तुमची डिस्क सर्वांत जास्त ज्या झाडाला लागते त्या झाडासमोरच्या ओट्यावर घ्या.